ग्राम बाल शिक्षा केंद्र, बोर्डी–कोसबाड

बालकेंद्री शिक्षणविचार ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेणारी महाराष्ट्रातील अग्रगण्य प्रयोगसंस्था. नूतन बाल शिक्षण संघाच्या वतीने ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ती १९४५ मध्ये बोर्डी (ता. डहाणू, तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथे सुरू केली. १९५७ मध्ये तिचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई वाघ (१९१०–९२) प्रारंभापासून ताराबाईंच्या सहकारी होत्या व ताराबाईंच्या पश्चात हे काम त्यांनीच पुढे चालविले.

वैचारिक पार्श्वभूमी : मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलाला स्वतःच्या गतीने, स्वतःच्या हातांनी शिकू द्यावे, हे त्यांचे मूलतत्त्व. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू करून या तत्त्वाला गोष्टी, गाणी व लोकजीवन यांची जोड दिली. ताराबाई १९२३ मध्ये त्यांच्या कामात सामील झाल्या. दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिकेचे संपादन केले आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभारले. मात्र या सोयी प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गीय मुलांनाच मिळत होत्या. गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणविचाराचा आग्रह असा की शिक्षण खेड्याच्या जीवनाशी व श्रमाशी बांधलेले असावे. बोर्डीच्या प्रयोगात बालकेंद्री शिक्षण व नई तालीम हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

कार्यपद्धती : माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, चिंचोके, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तू आल्या. रंग, आकार, लहानमोठेपणा व संख्या यांची ओळख मुलांना त्यांतूनच होऊ लागली. अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे यांनाही शिक्षणाचाच भाग मानले गेले. मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा शिक्षिका त्यांच्या पाड्यावर गेल्या आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी.

कोसबाडला वारली या आदिवासी जमातीच्या मुलांच्या दिनक्रमाप्रमाणे शाळेची रचना बदलत गेली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठी मुलगी घरी राहते, हे लक्षात घेऊन ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट चराईच्या रानात ‘कुरणशाळा’ भरविली गेली. मुलाच्या गैरहजेरीचा दोष त्याच्या माथी न मारता शाळेने आपली वेळ, जागा व साधने बदलावीत, ही या प्रयोगाची सर्वांत मौलिक देणगी होय. मानवतावादी शिक्षणाचा अर्थ येथे व्यवहारात दिसतो : मुलाबद्दलच्या आदरात त्याच्या घराचा, कष्टांचा आणि परिसराचाही आदर येतो.

प्रभाव व मूल्यमापन : ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना पद्मश्री हा सन्मान मिळाला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे आत्मकथन या कामाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

या योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा व आरोग्यशिक्षण यांबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहावी सेवा आहे. आहार व लसीकरणाचे महत्त्व निर्विवाद. पण नोंदी आणि वाटप यांतच अंगणवाडी सेविकेचा दिवस सरला, तर खेळ, गोष्ट व संवाद मागे पडतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून या वयाला औपचारिक रचनेत स्थान दिले आहे. त्यामुळे पाटी-पेन्सिलीची घाई आणखी लहान वयात सुरू होण्याचा धोकाही आहे. त्यावरील उपाय कोसबाडच्या अनुभवात सापडतो : मुलाच्या हाताला भरपूर काम, त्याच्या बोलीला वर्गात मान आणि त्याचे निरीक्षण करण्यासाठी शिक्षिकेला पुरेसा वेळ.