पारा नसलेला पारा

‘धुळ्यात पारा घसरला’ ही बातमी दर हिवाळ्यात वाचतो आणि दर वेळी थोडे हसू येते. वेधशाळांच्या जुन्या पद्धतीच्या किमान तापमापकात पारा नसतोच, असतो मद्यार्क. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा आकडा ४५ च्या वर नेणारा कमाल तापमापक मात्र खऱ्या पाऱ्याचा. झडपांच्या एकाच पांढऱ्या पेटीत हे दोन द्रव का?

वाद जुना आहे. फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास पारा निवडला, तर रेओम्यूरने १७३० च्या दशकात मद्यार्क. दोन्ही तापमापक बर्फावर आणि उकळत्या पाण्यावर जुळवले, तरी मधल्या अंशांवर त्यांचे पटेना. जिनिव्हाच्या द ल्यूकने १७७२ च्या ग्रंथात तोडगा मांडला. बर्फाइतके थंड आणि उकळते पाणी सारखे मिसळले, तर ८० अंशांच्या मापावर ४० यायला हवेत. पाऱ्याने ३८.६ दाखवले, ऑलिव्ह तेलाने ३७.८, मद्यार्काने ३३.७ आणि पाण्याने अवघे १९.२! पारा त्यातल्या त्यात प्रामाणिक ठरला, निर्दोष नव्हे.

मग थंडी मद्यार्काच्या हाती का? पारा उणे ३९ ला गोठतो, हे पुस्तकी उत्तर खानदेशात लंगडे पडते. इथे खरे कारण दुसरे. आडव्या नळीतल्या पारदर्शक मद्यार्कात एक बारीक दांडी बुडालेली असते. थंडीने द्रव आकसला की त्याचा पृष्ठभाग तिला मागे ओढतो. ऊन चढले की द्रव तिच्या बाजूने पुढे सरकतो, दांडी तिथेच राहते. पहाटेचा नीचांक असा सकाळी वाचता येतो. अपारदर्शक पाऱ्यात बुडालेली दांडी दिसणार कशी?

पण मद्यार्काला एक खोड आहे. तो सहज उडतो. उन्हाळ्यात त्याची वाफ नळीच्या वरच्या टोकाला थेंब होऊन बसते, स्तंभ तेवढा आखूड होतो आणि तापमापक खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. म्हणजे मे महिन्याची झळ जानेवारीच्या विक्रमात लपून बसू शकते! म्हणूनच मद्यार्काचे टोक शेजारच्या पाऱ्याच्या कोरड्या तापमापकाशी ताडून पाहायचे असते. धुळ्याच्या नीचांकाचा जुना आकडा दिसला, की मी आधी त्या दिवशीचे ते दुसरे वाचन शोधतो.

पाऱ्यावर निर्बंध घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. आता पेटीतून पाराही निघतो आहे. त्या जागी विद्युत संवेदक येतात. बातम्यांतला पारा मात्र चढतो-उतरतोच आहे.