रॉस्कॉफचे कांदेवाले

प्लिमथहून रात्रीची बोट धरली की सकाळी आपण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील रॉस्कॉफ या गावी उतरतो. काही वर्षांपूर्वी मुलांच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो, ते केवळ समुद्रकिनाऱ्यासाठी. पण मी पडलो नाशिककडचा! बाजारात गुलाबी कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसल्या आणि माझे पाय तिथेच थबकले. चौकशी करता करता गावाचा इतिहासच हाती लागला.

रॉस्कॉफ तसे जुने बंदर. 1548 साली पाच वर्षांची स्कॉटलंडची राणी मेरी फ्रान्सला आली, ती याच भागात उतरली असे सांगतात. गावाचे खरे नशीब मात्र कांद्याने उघडले. समुद्री शेवाळाचे खत आणि सौम्य हवा यांमुळे कांदा उत्तम येई; पण पॅरिस दूर, रस्ते खराब. समोर इंग्लंड मात्र एका दिवसाच्या अंतरावर. 1828 मध्ये आंरी ऑलिव्हिये नावाच्या तरुणाने गलबतात कांदे भरले, प्लिमथ गाठले आणि सगळा माल विकून तो परत आला. मग गावच त्या वाटेने निघाले.

जुलैमध्ये संत बार्बराची जत्रा झाली की पुरुष आणि दहा-बारा वर्षांची पोरेसुद्धा निघत. खांद्यावर काठी, काठीला कांद्याच्या वेण्या, आणि दारोदार विक्री. पुढे सायकली आल्या. इंग्रजांनी त्यांना ‘जॉनी’ म्हणायला सुरुवात केली. थंडीत हे लोक घरी परतत. 1929 च्या सुमारास असे जवळजवळ 1,400 जॉनी होते. आज रॉस्कॉफची वस्ती साधारण साडेतीन हजार आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. या वाटेने बळीही घेतले. नोव्हेंबर 1905 मध्ये साउदॅम्प्टनहून निघालेली ‘हिल्डा’ ही बोट सेंट मालोजवळ खडकावर फुटली. सव्वाशेच्या आसपास माणसे बुडाली. त्यांतले सत्तरहून अधिक हंगाम संपवून घरी निघालेले कांदेवाले होते. वाचले फक्त सहा जण.

1930 नंतरची मंदी, पौंडाची घसरण आणि मग महायुद्ध यांनी हा धंदा खचला. आज जॉनी अगदी थोडे उरले आहेत. पण 1973 मध्ये इथल्याच शेतकऱ्यांनी भाजीपाला इंग्लंडला पाठवण्यासाठी स्वतःची बोट कंपनी काढली. आम्ही ज्या बोटीने गेलो, ती त्याच कंपनीची!

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते भाषेने. जॉनींची मातृभाषा ब्रेतॉन, फ्रेंच नव्हे. ती वेल्श भाषेची बहीण, म्हणून वेल्समध्ये त्यांचे चटकन जमे. काही जण तर चांगली वेल्श बोलू लागले. पिढ्यान्पिढ्या वर्षातले कित्येक महिने परक्या मुलखात काढूनही त्यांची ब्रेतॉन टिकली. ती गेली ती घरी राहून! शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी बूट अडकवत. त्या अपमानातून गेलेल्या आईबापांनी, आपल्या मुलांचे तरी भले व्हावे म्हणून, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याशी फ्रेंच बोलायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांहून अधिक लोक ब्रेतॉन बोलत. 2024 च्या पाहणीत एक लाखाच्या आसपास उरले, तेही बहुतेक वयस्क. 1977 पासून ‘दिवान’ नावाच्या ब्रेतॉन माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या आहेत, पण आजीआजोबांची पिढी मागे सरत चालली आहे.

परतीच्या बोटीवर मुलगी मला इंग्रजीत काहीतरी विचारत होती आणि मीही सवयीने इंग्रजीतच उत्तर देत होतो. मुलांच्या तुटक मराठीचे खापर मी आजवर इंग्लंडवर फोडत आलो. पण माझ्या मुलांच्या गळ्यात इथे कुणी लाकडी बूट अडकवलेला नाही. दिवसभर ऑफिसात बोललेली इंग्रजी घरात घेऊन येतो तो मीच.

त्या सहलीपासून आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला फक्त मराठी, असा नियम केला आहे. मुले कुरकुर करतात. नियम सर्वांत जास्त वेळा मोडतो तो मी, आणि मग धाकटा मला पकडतो, तेही मराठीतच!