गावचा हापसा कलाकृती कसा झाला? बस्तरच्या 'नलपार'ची गोष्ट

सार्वजनिक कला म्हटलं की डोळ्यांसमोर येतो चौकातला पुतळा किंवा उड्डाणपुलाखालची रंगवलेली भिंत. पण छत्तीसगडच्या बस्तर भागात गावच्या हापशाभोवतीची जागाच कलाकृती झाली. ती घडवली तिथल्या आदिवासी कलाकारांनी आणि मुंबईच्या एका चित्रकर्तीने, गावकऱ्यांना सोबत घेऊन.

हे कलाकार कोण?

नवजोत अल्ताफ यांचा जन्म १९४९ साली मेरठचा, कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात. १९९७ पासून त्या बस्तरमधल्या कोंडागावला जाऊन काम करू लागल्या. तिथे त्यांच्याबरोबर उभे राहिले राजकुमार, शांतीबाई आणि गेस्सुराम. राजकुमार आणि शांतीबाई लाकूड कोरतात. या भागात घडवा पद्धतीने धातूचं ओतकामही केलं जातं. या पद्धतीत मातीच्या गाभ्यावर मेणाचं नक्षीकाम करून वर मातीचा लेप देतात, मग मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. पुढे या चौघांनी मिळून 'डायलॉग' नावाची कलाकारांची संस्था उभारली.

नलपार म्हणजे काय?

नलपार म्हणजे हापशाची जागा. दिवसभर पाणी सांडतं, निचरा नसला की चिखल होतो, डबकं साचतं आणि डास वाढतात. पाणी भरायला येतात त्या बहुतेक बायका आणि मुलं. त्रास त्यांना होतो, पण हापशाभोवतीचं बांधकाम कसं असावं, हे त्यांना कुणी विचारत नाही.

या कलाकारांनी विचारलं. गावातल्या बायका, तरुण आणि मुलांबरोबर बैठका आणि कार्यशाळा झाल्या. त्यातून फरशी, पाण्याचा निचरा आणि भोवतालची भिंत असा आराखडा तयार झाला. भिंतीवर आणि बांधकामात स्थानिक परंपरेतले आकार आले.

कोनाड्याचं महत्त्व काय?

भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना सगळा भार कंबर आणि मानेवर येतो. मदतीला दुसरी बाई नसेल तर ते आणखी अवघड. म्हणून बांधकामातच कोनाडे ठेवले गेले. हंडा आधी कोनाड्यात टेकवायचा, दम घ्यायचा आणि मग डोक्यावर चढवायचा.

रोज पाणी भरणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय अशी सोय सहसा सुचत नाही. समूहाबरोबर केलेली कला आणि समूहासाठी करून दिलेली कला यातला फरक इथे कळतो.

फक्त हापसेच का?

नाही. 'पिल्ला गुडी' हाही याच मंडळींचा उपक्रम. पिल्ला म्हणजे मूल, गुडी म्हणजे देऊळ. नाव देवळाचं असलं तरी ही मुलांनी शाळेबाहेर जमण्याची, खेळण्याची आणि काही करून पाहण्याची जागा आहे.

मग कलाकार कोण म्हणायचं?

अशा भागीदारीतला हा सगळ्यात अवघड प्रश्न. शहरातल्या कलाकाराकडे शिक्षण, इंग्रजी आणि गॅलरींची ओळख असते. त्यामुळे श्रेय आपोआप तिच्याकडे जातं आणि गावातले सोबती 'कारागीर' ठरतात. नवजोत यांनी या सोबत्यांना सहकलाकार मानलं आणि प्रदर्शनांत त्यांचं काम त्यांच्या नावाने मांडलं. तरीही दरी पूर्ण मिटत नाही, कारण कुणाला बोलावायचं आणि कुणाबद्दल लिहायचं, हे ठरतं शहरांतच.

या कामाची दखल दूरवर घेतली गेली. अमेरिकन कला-इतिहासकार ग्रँट केस्टर यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात त्यावर लिहिलं. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नवजोत यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

तुमच्या गल्लीत उद्या एखादी भिंत रंगली, तर चित्र छान आहे का, एवढंच पाहू नका. रंग ठरवताना गल्लीतल्या कुणाला विचारलं होतं का, आणि कोपऱ्यात नावं कुणाकुणाची आहेत, हेही बघा.