किल्लारी भूकंप पुनर्वसन

लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर राबवलेला पुनर्रचना कार्यक्रम. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास धक्का बसला, तेव्हा बहुतेक माणसे झोपेत होती. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवरची मातीची जड धाब्याची छते कोसळून सुमारे ८,००० माणसे मरण पावली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये काम हाती घेतले. सर्वाधिक हानी झालेली सुमारे ५० गावे नव्या जागी वसवली गेली. कमी नुकसान झालेल्या गावांत मात्र कुटुंबांनी जुनीच घरे स्वतः दुरुस्त करायची, असे ठरले. मदत हप्त्याहप्त्याने मिळे.

या दुरुस्तीच्या कामात बायका पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतल्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घराची बांधणी भूकंपात टिकेल अशी आहे का, हे त्या पाहू लागल्या आणि शेजाऱ्यांना समजावू लागल्या. पुढे याच जाळ्यातून बचत गट, कर्जे आणि छोटे व्यवसाय उभे राहिले.

स्थलांतरित गावांबाबत तक्रारीही झाल्या: चौकोनी आखणीत जुन्या गल्ल्या, वाडे आणि शेजार मोडला.

कच्छच्या २००१ च्या भूकंपानंतर मराठवाड्यातल्या स्त्रियांनी तिथे जाऊन आपला अनुभव सांगितला.