कामार्गमधील अश्वसहली
दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशात, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने घोड्यावरून केल्या जाणाऱ्या सहली. सँत-मारी-द-ला-मेर हे येथील किनाऱ्यावरचे मुख्य गाव. खाजणे, मिठागरे, वाळूच्या टेकड्या आणि रोहित पक्ष्यांचे थवे असलेल्या या भागाला 1970 मध्ये प्रादेशिक निसर्गोद्यानाचा दर्जा मिळाला.

सहलींचा खरा आधार म्हणजे कामार्ग घोडा. त्याची शिंगरे काळपट किंवा तपकिरी जन्मतात आणि वयाबरोबर पांढरी होत जातात. उंची साधारण 135 ते 150 सेंमी., म्हणजे नवख्यालाही चढायला सोपी. दलदलीत पाय घट्ट रोवून चालणारा हा काटक घोडा गुडघाभर पाण्यातही बिचकत नाही. ‘गार्दियाँ’ म्हणजे घोड्यावरून बैल राखणारे येथील गुराखी. त्यांच्या खोगिराला पुढे उंच कणा व मागे उंच टेका असतो. त्यामुळे बैठक पक्की राहते, आणि पहिल्यांदा बसणाऱ्याची निम्मी भीती तिथेच जाते.

नवख्यांना वाटाड्यासोबत खाजणातून सावकाश चालीने एकदोन तास नेतात. सरावलेले स्वार ओल्या वाळूवर भरधाव दौड करतात किंवा अनेक दिवसांच्या मुक्कामी सहलीला जातात. वसंत व शरद हे ऋतू उत्तम. उन्हाळ्यात डास फार त्रास देतात, तर उत्तरेकडून येणारा गार, सोसाट्याचा ‘मिस्त्राल’ वारा स्वाराची आणि घोड्याची, दोघांचीही दमछाक करतो.

आल्बेर लामोरिस यांच्या ‘क्रॅं-ब्लां’ (1953) या लघुपटाने हा घोडा जगभर पोहोचवला.