रेखाकला परीक्षेचे अद्ययावतीकरण आणि पांढुर्ण्याचा प्रश्न

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, हे मराठी मुलखातील शालेय कलाशिक्षणाचे सर्वांत परिचित प्रमाणपत्र होय. महाराष्ट्राचे कला संचालनालय या परीक्षा घेते आणि नोंदणी शाळेमार्फत होते. विद्यापीठाची पायरी चढण्यापूर्वी कलेची रीतसर पात्रता म्हणून सामान्य घरातील मुलाच्या हाती याखेरीज दुसरा कागद सहसा नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, त्यानंतर कलाशिक्षणाची चौकट नव्याने आखली जाऊ लागली आणि या जुन्या पात्रतेचे काय करायचे हा प्रश्न पुढे आला. पुणे-मुंबईतून पाहिले तर तो केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न वाटतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तालुक्यांतून पाहिले की त्याची दुसरी बाजू दिसते. ती म्हणजे पात्रता राज्याची सीमा ओलांडू शकते की नाही.

परीक्षेचा साचा आधी पाहू. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन अशा चार प्रश्नपत्रिका असतात. इंटरमीजिएटमध्ये वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते, तेही रंगांत. भूमितीला घनभूमितीची जोड मिळते. समोर मांडलेला तांब्या, खोके आणि एखादे फळ यांचे प्रमाण व छायाप्रकाश मुलाला साधता येतो का, पाहिलेला प्रसंग आठवून माणसांसह कागदावर उतरवता येतो का, दिलेला आकार अलंकरणाने भरता येतो का आणि कंपास-पट्टीचा हात स्वच्छ आहे का, एवढे ही परीक्षा पाहते. हे थोडे नाही. पेन्सिल, कागद आणि जलरंगांची पेटी एवढ्या भांडवलावर खेड्यातील मुलाची नजर आणि हात जोखणारी दुसरी सार्वजनिक व्यवस्था सहज आठवत नाही.

या साच्याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली आणि १८६६ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. त्या काळात ब्रिटिश कलाशिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. चित्रकार घडवणे हा तिचा मुख्य हेतू नव्हता. कारखान्याला आणि कारागिरीला उपयोगी पडेल असा अचूक रेखनाचा हात तिला हवा होता. पायरीपायरीने चढत जाणारा सराव, अलंकरणाचे नमुने, भूमिती आणि प्रत्येक पायरीला श्रेणी ही तिची वैशिष्ट्ये. आजच्या प्रश्नपत्रिकांत भूमिती आणि अलंकरणाला एवढे स्थान का, याचे उत्तर इथे सापडते. खुद्द युरोपात ही दृष्टी पुढे मागे पडली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउसमध्ये योहानेस इटेन यांनी प्राथमिक अभ्यासवर्ग सुरू केला, त्यात नक्कल बाजूला सारून साहित्य, पोत, रंग आणि आकार यांच्याशी थेट झटापट करायला शिकवले जाई. ब्रिटनमध्येही कोल्डस्ट्रीम समितीच्या १९६० च्या अहवालानंतर पदविकेआधीच्या पायाभूत वर्षाला महत्त्व आले. महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांत मूलभूत अभ्यासक्रम आहे, पण त्याच्या आधी येणारी शालेय परीक्षा बव्हंशी जुन्या वळणावरच राहिली.

पांढुर्ण्याचा या इतिहासाशी संबंध नागपूरमार्गे येतो. छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्या प्रांतातील तरुणाला चित्रकला शिकायची असेल तर तो नागपूरला जाई आणि तिथून मुंबईला. मंडला जिल्ह्यात जन्मलेले सय्यद हैदर रझा याच वाटेने गेले. १९३९ ते १९४३ नागपूर कलाशाळेत शिकून ते जे. जे. मध्ये दाखल झाले. पश्चिमेकडे इंदूरलाही अशीच मराठी वाट होती. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी तिथे उभारलेल्या कलाशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे शिकले आणि १९३३ मध्ये त्यांनी मुंबईची शासकीय कला पदविका मिळवली. इंदूर तेव्हा होळकरांचे संस्थान होते, मुंबई ब्रिटिश इलाख्यात. राज्यव्यवस्था वेगळी असूनही पदविकेचा मान दोन्हीकडे होता. गोव्यातील वाचकांना हे परके वाटू नये. पणजीत गोवा कला महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू होण्याआधी गोमंतकीय चित्रकारांची वाटही मुंबईचीच होती. आंतोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. लक्ष्मण पै तिथूनच शिकून पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वासुदेव गायतोंडे तर गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी १९२४ मध्ये नागपुरातच जन्मले आणि १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडले. पोर्तुगीज सत्ता, संस्थान आणि ब्रिटिश प्रांत यांच्या सीमा ओलांडून जी वाट चालू होती ती भाषावार राज्यरचनेनंतर अरुंद व्हावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे दक्षिणेकडचे मराठी तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. नागपूर-इटारसी लोहमार्गावर वसलेल्या पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि भोपाळ त्याच्या जवळपास तिप्पट. संत्री, बाजार, दवाखाना आणि सोयरीक या बाबतीत इथले लोक नागपूरकडे पाहतात, शाळेची गुणपत्रिका मात्र भोपाळच्या मंडळाची येते. कलेकडे वळू पाहणाऱ्या मुलाची कोंडी इथे सुरू होते.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विद्यार्थ्याला इंटरमीजिएटच्या श्रेणीबद्दल वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला सात, ब ला पाच आणि क ला तीन. सुरुवातीला ठरवलेले गुण याहून अधिक होते, ते पुढे कमी करण्यात आले. या गुणांमुळे परीक्षेकडे गर्दी वाढली, यात शंका नाही. तितकेच खरे हे की तिचे स्वरूप बदलले. चित्र काढण्याची ओढ नसलेली मुलेही टक्केवारीसाठी बसू लागली आणि शिकवण्यांनी ठराविक माणसे, ठराविक झाडे, ठराविक फुगेवाला घोटून घ्यायला सुरुवात केली. स्मरणचित्राचा सारा अर्थच यात हरवतो, कारण मूल आठवते ते पाहिलेले जग नसून शिकवणीतला तक्ता असतो. अद्ययावतीकरणाच्या नावाखाली आजवर ज्या बदलाची सर्वाधिक चर्चा झाली तो हा गुणांचा बदल. मुलाने काय शिकावे यावर त्या मानाने फार थोडे बोलले गेले. सीमेपलीकडच्या मुलाला तर या गुणांचा उपयोगच नाही, कारण मध्य प्रदेशाच्या गुणपत्रिकेशी महाराष्ट्राच्या सवलतीचा काही संबंध येत नाही.

मध्य प्रदेशात कलेची पायरी नाही असे मात्र नव्हे. तिथल्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीत ललित कला समूह आहे. त्यात ‘ड्रॉइंग अँड डिझायनिंग’ आणि भारतीय कलेचा इतिहास हे विषय आहेत. मराठीही भाषा म्हणून घेता येते. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर आणि धार येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. २०१९ पासून भोपाळला राष्ट्रीय अभिकल्प संस्थाही आहे. पण समूह पुस्तिकेत असणे आणि शाळेत असणे यांत फरक आहे. कलाशिक्षक असेल तरच विषय उघडतो. अभिकल्पाच्या मोठ्या संस्थांची दारे कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुली आहेत खरी, पण आयआयटीच्या अभिकल्प पदवीसाठीची युसीड ही प्रवेश परीक्षा इंग्रजीत होते. महाराष्ट्रातील ललित कला पदवीची प्रवेश परीक्षा रेखाकलेला जवळची आहे. संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र तिथेही आहेत. मात्र परराज्याचा रहिवासी हा शिक्का तिथे आडवा येतो. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या महाराष्ट्रातील प्रवेश नियमांत कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पांढुर्णा-सौंसर त्या वादाचा भाग नाही, म्हणून त्या तरतुदीचाही भाग नाही. इथल्या मराठी माणसाने भांडण केले नाही, त्याची ही किंमत म्हणावी लागेल.

आता परीक्षेच्या आशयाकडे. बदल सर्वाधिक हवा तो संकल्पचित्रात. जुन्या अर्थाने संकल्पचित्र म्हणजे चौकोन, वर्तुळ किंवा किनार पाना-फुलांनी व भौमितिक आकारांनी भरणे. आज अभिकल्प म्हणजे गरज ओळखून तिला आकार देणे. सौंसरच्या बाजूला आंबिया आणि मृग बहाराची संत्री तोडली जातात, प्रतवारी होते, खोक्यांत भरली जातात आणि दूरच्या बाजारात जातात. त्या खोक्यात हवा कशी खेळेल, ते एकावर एक रचले तर खालचे फळ दबेल का, त्यावरची खूण लांबून ओळखू येईल का, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने पेन्सिलीने सोडवता येतील असे प्रश्न आहेत. त्याला संगणक लागत नाही. अद्ययावत म्हटले की लगेच टॅबलेट आणि सॉफ्टवेअर आठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे, कारण यंत्र सक्तीचे केले की या परीक्षेचा सर्वांत मोठा गुण, तिचा स्वस्तपणा, नाहीसा होतो. देवळालीकरांच्या त्याच इंदूरच्या परंपरेतील विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळलेली पाने, काटक्या, फुटकी भांडी आणि टाकाऊ वस्तू यांतून आकार शोधायला शिकवले. त्या वाटेने जाणारी एखादी प्रश्नपत्रिका आजही खर्चाशिवाय काढता येईल.

अक्षरलेखनाची गोष्ट पांढुर्ण्यात आणखी वेगळी आहे. तिथे हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच लिपीत शेजारी शेजारी नांदतात. एका दुकानावर पोला असतो, दुसऱ्यावर पोळा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले. हिंदीचे वळण वेगळे. ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर ही दोन्ही वळणे रोज असतात त्याला अक्षराच्या रचनेचा अभ्यास कुठल्याही महानगरातल्या मुलापेक्षा सहज साधेल. संगणकावर घरोघरी पोचलेला मंगल हा देवनागरी टंक र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवला. तेव्हा अक्षरलेखन हे पाटी रंगवण्यापुरते कौशल्य नाही, त्यामागे आज अख्खा व्यवसाय उभा आहे. प्रश्नपत्रिकेत त्याला भूमितीच्या शेपटाला बांधून ठेवण्याऐवजी स्वतंत्र जागा मिळणे योग्य ठरेल.

सीमेच्या प्रश्नावर तोडगा गुणांत नाही, श्रेयांकांत आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय, व्यावसायिक आणि उच्च शिक्षण एकाच मोजपट्टीवर आणले आहे. तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाला चाळीस, असा त्याचा हिशेब आहे. त्याच वर्षीच्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीच्या विषयगटांत कलाशिक्षणाला जागा दिली आहे. महाराष्ट्राने इंटरमीजिएटला तासांचा हिशेब लावून श्रेयांक ठरवले आणि मध्य प्रदेशाच्या मंडळाने ते मान्य केले, तर भोपाळची गुणपत्रिका घेतलेल्या मुलाची श्रेणीही वाया जाणार नाही. उलट दिशेनेही तेच व्हावे. मध्य प्रदेशाच्या बारावीतील चित्रकलेला नागपुरात वजन मिळायला हवे. गोव्यासारख्या, स्वतःचे मंडळ असलेल्या छोट्या राज्यालाही हा हिशेब उपयोगी आहे.

यासाठी सीमेवरून भांडावे लागत नाही. दोन्ही राज्यांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून वस्तुचित्राला वस्तुचित्र आणि संकल्पचित्राला संकल्पचित्र जुळवावे लागेल. भारतीय कलेचा इतिहास मध्य प्रदेशाच्या अभ्यासक्रमात आहे आणि रेखाकलेच्या चार प्रश्नपत्रिकांत नाही, तो कुठून भरून काढायचा ते ठरवावे लागेल. आणि पांढुर्ण्याच्या शाळेतील मुलाने परीक्षेसाठी कोणत्या केंद्रावर जायचे, तेही.