सोळा खाने आणि बाबांचा ठेका

आजचा भाग जरा घरगुती आहे. लॅपटॉपवर पहिला बीट बनवला आणि मोठ्या हौसेने बाबांना ऐकवला. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चुकत नाही रे कुठे. पण डोलतही नाही." मला राग आला. सगळे ठोके मोजून बसवले होते की! मग म्हटलं, हे यंत्र आलं कुठून ते तरी बघू.

आधी माझा घोळ सांगतो. स्क्रीनवर 16 खाने दिसले आणि मला वाटलं, हा तर तीनताल! तसं नाहीये. रोलंडच्या टीआर-808 वर, म्हणजे 1980 सालच्या यंत्रावर, 16 बटणं एका ओळीत आहेत. पण नेहमीच्या मांडणीत ते ठोके चारच, प्रत्येकाचे चार भाग. आपल्या भाषेत चार मात्रा, चौगुनीत. तीनतालाचं एक आवर्तन मांडायला अशा चार ओळी लागतील. ठोक्याचे तीन भाग हवे असतील तर 808 वर वेगळा स्विच होता.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिनचं एलएम-1 आलं. त्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते. माझ्यातला इंजिनियर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर खूश झाला. त्यात एका ठोक्याचे 48 बारीक भाग होते. 48 ला चारनेही भाग जातो, तीननेही. आपण वाजवलेला ठोका यंत्र जवळच्या खान्यात सरकवायचं, आणि एवढ्यावर थांबलं तर माझ्या बीटसारखं सपाट व्हायचं. म्हणून लिनने स्विंग दिला: खान्यांची जोडी घ्या आणि त्यातला दुसरा ठोका किंचित उशिरा वाजवा. जोडीत भाग 24. दुसरा ठोका बाराव्या भागानंतर आला तर 50 टक्के, म्हणजे सरळ. तेरानंतर 54, चौदानंतर 58, सोळानंतर 66, आणि तिथे लय तिपटीची होते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये 54, 58 असे विचित्र आकडे दिसतात ना, ते या भागाकारातले! मिनिटाला 100 ठोक्यांच्या लयीत असा एक भाग फक्त 12.5 मिलिसेकंदांचा असतो.

पण सरळ ठोका म्हणजे वाईट, असंही नाही हं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 808 घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' केलं. खाली ठोका एकदम सरळ, वर सिंथेसायझरवर राग. तो सरळपणाच तिथे शोभतो. माझ्याकडे वर काहीच नव्हतं.

परवा हाय-हॅटला 58 चा स्विंग दिला आणि बाबांना पुन्हा ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने टेबलावर त्यांची बोटं वाजायला लागली, तीही माझ्या हाय-हॅटच्या जरा मागेच. आता तो आकडा शोधतोय.